जुन्या अमेरिकन लोकगीतांमागच्या गोष्टी: खरी कुठली हे ठरवायचं कसं?

तुमचा प्रश्न वाचला. म्हणजे थोडक्यात असं, की मंडळाच्या कार्यक्रमात तुम्हाला पाच-सहा जुनी अमेरिकन लोकगीतं गायची आहेत, प्रत्येकाआधी दोन मिनिटं त्यामागची गोष्ट सांगायचीय, यादीत टॉम डूली, जॉन हेन्री, हाऊस कार्पेंटर, ड्रिंकिंग गोर्ड वगैरे आहेत, आणि नेटवर शोधायला गेलात तर एकेका गाण्याच्या तीन-तीन गोष्टी मिळतायत, त्यातली खरी कुठली ते कळत नाहीये. मी बरीच वर्षं इथं नॉर्थ कॅरोलायनात बॅंजो वाजवते, लायब्ररीत आणि शाळांमध्ये गाणं आणि त्याची गोष्ट असे कार्यक्रम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या नेहमीच्या कामातलाच आहे. उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगते, "खरी कुठली" असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. त्याऐवजी दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: गाणं किती जुनं, आणि गोष्ट किती जुनी. आपण गृहीत धरतो की गाणं दीडशे वर्षांचं म्हणजे त्याला चिकटलेली गोष्टही दीडशे वर्षांची, आणि घोळ तिथंच होतो. गाणी तोंडोतोंडी फिरतात तेव्हा ओळ टिकते, कारण ती चालीत बसलेली असते, यमकात अडकलेली असते, पण ती ओळ तिथं का आली हे दोन पिढ्यांत कुणाला माहीत राहत नाही. मग कुणीतरी त्या ओळीसाठी नवं कारण शोधून काढतं, आणि ते नवं कारण म्हणजेच आपल्याला नेटवर मिळते ती "गाण्यामागची खरी गोष्ट". त्यामुळे माझं आता असं झालंय की गाण्यातल्या प्रत्येक ओळीचा अर्थ अगदी चपखल लावून देणारी गोष्ट कुणी सांगितली की मी आधी संशय घेते.

अर्थात काय सांगायचं हे समोर कोण बसलंय त्यावरही आहे. आठ वर्षांची पोरं असतील तर खुनाची गाणी मी घेतच नाही, आणि घेतली तरी कोर्टातला तपशील सांगत नाही. गुलामगिरीतली गाणी कुठल्या कार्यक्रमात, कुठल्या सुरात घ्यायची हाही ज्याचा त्याचा विचार, त्यावर मी शेवटी थोडं लिहिते. पण गोष्ट तपासायची पद्धत सगळीकडे तीच.

टॉम डूलीपासून सुरू करू, कारण याचे कागद भरपूर आहेत. नॉर्थ कॅरोलायनात विल्क्स काउंटीत थॉमस डुला नावाचा तरुण होता, आडनाव लिहायचे डुला पण डोंगराकडचे लोक म्हणायचे डूली, म्हणून जुने कागद शोधाल तर डुला नावाने शोधा. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढून परत आलेला. गावातल्या अ‍ॅन मेल्टन नावाच्या लग्न झालेल्या बाईशी त्याचं प्रकरण होतं, आणि तिचीच चुलतबहीण लॉरा फॉस्टर हिच्याशीही. मे १८६६ मध्ये लॉरा एका सकाळी वडिलांची घोडी घेऊन घरातून निघाली ती परत आलीच नाही. बऱ्याच आठवड्यांनी तिचं प्रेत एका उथळ खड्ड्यात सापडलं, छातीत भोसकलेलं. ते सापडलं पॉलीन फॉस्टर नावाच्या आणखी एका नातेवाईक बाईच्या सांगण्यावरून, जी मेल्टनांच्या घरी कामाला होती. टॉमचं वकीलपत्र घेतलं झेब्युलन व्हान्स यांनी, म्हणजे युद्धाच्या काळात राज्याचे गव्हर्नर असलेला माणूस, यावरून त्या खटल्याचा गाजावाजा किती असेल बघा. खटला स्टेट्सव्हिलला हलवला, दोषी ठरला, अपील झालं, परत खटला चालला, परत दोषी, आणि १ मे १८६८ ला स्टेट्सव्हिलमध्ये फाशी. फाशीच्या आधी त्याने लिहून दिलं की मी एकटाच जबाबदार आहे, त्यामुळे अ‍ॅन सुटली. तो खरंच एकटा होता की अ‍ॅनला वाचवत होता, यावर त्या भागात लोक आजही वाद घालतात.

आता गाण्यात काय येतं बघा. गाण्यात एक ओळ आहे की ग्रेसन नसता तर मी आज टेनेसीत असतो. हा ग्रेसन कोण? कागदावर सरळ आहे. टॉम विल्क्समधून पळाला तो टेनेसीत ट्रेड नावाच्या गावाजवळ जेम्स ग्रेसन यांच्या शेतावर खोटं नाव सांगून काही दिवस राबला, बूट घेण्यापुरते पैसे मिळवले आणि पुढे निघाला. नंतर विल्क्सची माणसं शोधत आली तेव्हा ग्रेसन त्यांच्याबरोबर गेले आणि त्याला पकडून दिला. बस, ग्रेसनचा संबंध एवढाच, लॉराला त्यांनी कधी पाहिलंही नसावं. पण गाणं जसं विल्क्सच्या बाहेर गेलं तसं ग्रेसन हे फक्त एक नाव उरलं, आणि ऐकणाऱ्याला प्रश्न पडणारच की याने का पकडून दिलं बरं? मग उत्तर तयार झालं: ग्रेसन म्हणजे प्रेमातला दुसरा दावेदार. १९५८ मध्ये किंग्स्टन ट्रिओ या तिघा गायकांची रेकॉर्ड आली आणि देशभर पहिल्या नंबरला गेली, तिच्या सुरुवातीला बोलून दाखवलेला जो तुकडा आहे त्यात हाच त्रिकोण आहे, ग्रेसन, एक सुंदर बाई आणि फाशीचा कैदी. करोडो लोकांनी तेच ऐकलं, त्यामुळे आता तीच गोष्ट झाली. गंमत म्हणजे या गाण्याची पहिली रेकॉर्ड १९२९ ची, आणि ती गाणारे जी. बी. ग्रेसन हे त्याच जेम्स ग्रेसनच्या घराण्यातले!

आणि जी माणसं तिथं राहिली त्यांनी वेगळ्याच गोष्टी जपल्या. टॉम फाशीच्या वाटेवर गाडीत स्वतःच्याच शवपेटीवर बसून वाजवत गेला म्हणतात, कुणी म्हणतं फिडल, कुणी म्हणतं बॅंजो. अ‍ॅन पुढे आजारी पडून मेली तेव्हा तिच्या खोलीत काळी मांजरं फिरत होती, मांस जळताना चरचरतं तसा आवाज येत होता, असंही सांगतात. आता हे कोर्टात सिद्ध होणारं नाही हे उघड आहे. पण मला ते खोटं म्हणून टाकून द्यावंसं वाटत नाही, कारण त्यातून कळतं की कोर्टाने अ‍ॅनला सोडलं तरी गावाने सोडलं नव्हतं. लोककथा असा दुसरा निकाल देते बऱ्याचदा. मी कार्यक्रमात हे सांगते, फक्त "म्हणतात" हा शब्द गाळत नाही.

हे झालं खऱ्या घटनेवरून आलेलं गाणं. आता दुसरा प्रकार, जिथं घटना शोधायलाच जायचं नाही. बार्बरा अ‍ॅलन घ्या. नेटवर तुम्हाला ही अमुक बाई म्हणजेच बार्बरा असलं काहीतरी मिळेल, सोडून द्या. सॅम्युअल पेपिस या लंडनच्या गृहस्थाने १६६६ च्या जानेवारीत डायरीत लिहून ठेवलंय की एका नटीच्या तोंडून बार्बरी अ‍ॅलनचं स्कॉटिश गाणं ऐकलं, खूप आवडलं. म्हणजे तेव्हाच ते लोकांच्या तोंडी होतं. तिथून ते जहाजातून इकडे आलं आणि अ‍ॅपलाचियन डोंगरात मुरलं. सेसिल शार्प हे इंग्लंडचे संग्राहक १९१६ ते १९१८ मध्ये मॉड कारपेलीस यांना बरोबर घेऊन हे डोंगर हिंडले, तेव्हा इंग्लंडात विरत चाललेली गाणी इथं चुलीपाशी रोज गायली जात होती. अशा गाण्यात शेवटी दोघांच्या थडग्यांवर गुलाब आणि काटेरी वेल उगवून एकमेकांत गुंततात, ते कडवं तुम्हाला इतर पाच गाण्यांतही सापडेल. जात्यावर बसलेली कुठलीही बाई "पहिली माझी ओवी" म्हणून सुरू करते, आणि ती ओळ कुणा एकीची नसते, तसंच हे. अशी फिरती कडवी दिसली की त्यांच्यावर इतिहास उभारायचा नाही, एवढं लक्षात ठेवा. नॉक्सव्हिल गर्लचंही तेच, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये अशी कुठली मुलगी मारली गेली हे शोधत बसू नका, हेच गाणं इंग्लंडात ऑक्सफर्डच्या मुलीचं आहे, आयर्लंडात वेक्सफर्डच्या मुलीचं. गाव बदलतं, नदी तीच आणि रक्ताळलेल्या कपड्यांचं घरी सांगितलेलं कारणही तेच, की नाकातून रक्त आलं होतं.

पण या जुन्या गाण्यांत मला सगळ्यात इंटरेस्टिंग काय वाटतं सांगू? समुद्र ओलांडताना यांची भुतं गळून पडली. तुमच्या यादीतलं हाऊस कार्पेंटर घ्या. सुताराची बायको, मांडीवर तान्हं मूल, जुना प्रियकर येतो आणि म्हणतो चल माझ्याबरोबर, ती मूल टाकून त्याच्या जहाजावर चढते, थोडे दिवस होत नाहीत तोच जहाज बुडतं. अमेरिकेत गातात तेव्हा ही साधी पळून गेलेल्या बाईची गोष्ट आहे, नीतीचा धडा. पण हेच गाणं १६५७ मध्ये लंडनला छापील कागदावर विकलं जायचं, तेव्हा तो प्रियकर मेलेला होता! जेम्स हॅरिस नावाचा खलाशी, समुद्रात मेला, बाईने सुताराशी लग्न केलं, आणि त्याचं भूत तिला न्यायला आलं. पुढे स्कॉटलंडच्या पाठांत, म्हणजे तिथं गायल्या जाणाऱ्या रूपांत, तर तो सैतानच झाला, अर्ध्या समुद्रात गेल्यावर तिला त्याचा फाटका खूर दिसतो. अमेरिकन पाठात भूत गेलं, खूर गेला, पण जहाज का बुडतं याचं कारणही त्याबरोबर गेलं. काही गायकांकडे एक कडवं तेवढं उरलंय, ज्यात तिला दूरवर दोन डोंगर दिसतात, एक उजळ आणि एक काळा, आणि तो म्हणतो उजळ डोंगर स्वर्गाचा, आपण जाणार त्या दुसऱ्यावर. भूत काढलेल्या गाण्यात हे कडवं एकदम अधांतरी वाटतं, पण गाताना मी ते कधीच सोडत नाही, अंगावर काटा येतो.

प्रिटी पॉलीचंही असंच. मूळ इंग्लिश गाण्यात जहाजावरचा सुतार गरोदर मुलीला मारून पुरतो, आणि मग तिचं भूत हातात बाळ घेऊन जहाजावर येतं, तो वेडा होऊन मरतो. कितीतरी कडव्यांचं प्रकरण. अमेरिकेत बॅंजोवर ते आलं तेव्हा राहिलं काय, तर तो तिला रानात नेतो, खणून ठेवलेली कबर दाखवतो, मारतो, संपलं. आधीच्या रात्री मी तुझी कबर खणत होतो ही ओळ जशीच्या तशी राहिली, आणि शेवटी सैतानाचं देणं फेडावं लागेल अशी एक ओळ, बाकी भुताचा पत्ता नाही. असं का झालं यावर वेगवेगळी मतं आहेत, प्रोटेस्टंट वळण, भुतांवर विश्वास कमी झाला, गाणं छोटं करायची गरज. मला स्वतःला वाटतं की बॅंजो हे वाद्यच लांबण लावू देत नाही, वाजवणारा एकच सूर धरून पळत सुटतो आणि शब्द त्याच्यामागे कमी-कमी होत जातात. पण हे माझं मत, पुस्तकात शोधू नका.

आता ड्रिंकिंग गोर्ड, म्हणजे पाणी प्यायचा तुंबा. इथं तुम्हाला थोडं निराश करणार आहे. प्रचलित गोष्ट अशी, की हे गाणं म्हणजे गुलामांसाठी गुप्त नकाशा होता. तुंबा म्हणजे सप्तर्षी, त्यावरून ध्रुव तारा, म्हणजे उत्तरेला चला. पेग लेग जो नावाचा लाकडी पायाचा खलाशी मळ्यामळ्यांवर फिरून हे गाणं शिकवायचा, वसंतात निघायचं, टॉमबिग्बी नदीच्या काठाने वाळक्या झाडांवरच्या खुणा बघत वर जायचं, दोन टेकड्यांपलीकडे टेनेसी नदी, आणि ती ओहायो नदीला मिळते तिथं सुटका. प्रत्येक ओळ फिट्ट बसते. आता वर मी काय म्हटलं ते आठवा.

गाणं आणि गोष्ट दोन्ही पहिल्यांदा छापून आलं १९२८ मध्ये, टेक्सास फोकलोर सोसायटीच्या प्रकाशनात, एच. बी. पार्क्स यांच्या लेखात. म्हणजे गुलामगिरी संपून साठेक वर्षं झाल्यावर. त्याआधी १८६७ साली गुलामांच्या गाण्यांचा पहिला मोठा संग्रह निघाला, त्यात ते नाही. आणि आपण जी चाल आणि शब्द गातो ते तर ली हेज या लोकगायकाने १९४७ मध्ये बांधलेले, म्हातारा तुला स्वातंत्र्याकडे न्यायला वाट बघतोय ही सगळ्यांची आवडती ओळ तेव्हाची आहे, १९२८ च्या पाठात ती नाही. शिवाय साधा विचार करा, पळून यशस्वी झालेले बहुतेक लोक मेरीलँड, केंटकी अशा सीमेजवळच्या राज्यांतले होते, खोल दक्षिणेतून अलाबामातून पायी ओहायोपर्यंत पोचणं ही जवळजवळ अशक्य गोष्ट. मग गाणं खोटं का? नाही. पार्क्सनी काहीतरी ऐकलं असणारच, आणि तारा बघून उत्तरेला जाणं हे तर खरंच घडत होतं. फक्त "हा नकाशा वापरून हजारो लोक सुटले" असं तुम्ही माइकवर म्हणालात तर त्याला कागदाचा आधार नाही. वेड इन द वॉटरबद्दल कुत्र्यांना वास लागू नये म्हणून पाण्यातून चला असा संदेश होता म्हणतात ना, त्याचंही असंच, गाणं छापलं गेलं १९०१ मध्ये आणि ती गोष्ट नंतर कधीतरी चिकटली.

मला यात राग कशाचा येतो, तर पक्की, नावानिशी लिहिलेली साक्ष उपलब्ध असताना लोक ही कच्ची गोष्ट सांगतात. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलाम होते, पळाले, आणि १८५५ च्या आत्मचरित्रात त्यांनी स्वच्छ लिहिलंय की आम्ही कनानचं, म्हणजे बायबलमधल्या देवाने कबूल केलेल्या भूमीचं, गाणं म्हणायचो तेव्हा कनान म्हणजे आमच्या मनात उत्तर दिशा असायची. त्याआधी १८४५ च्या पुस्तकात ते म्हणतात की गुलाम गातात म्हणजे सुखात आहेत असं लोकांना वाटतं, याच्याइतकी चुकीची समजूत नाही, ते गातात ते सगळ्यात दुःखी असताना. गुलामांना पळवून नेऊन सोडवणाऱ्या हॅरिएट टबमननी गाण्यांचा इशारा म्हणून वापर केल्याचं सारा ब्रॅडफर्ड यांच्या १८६९ च्या पुस्तकात आहे, टबमन तेव्हा हयात होत्या आणि त्यांच्याशी बोलूनच ते लिहिलंय. त्यामुळे मी ड्रिंकिंग गोर्ड गाते, पण आधी डग्लसचे हे दोन मुद्दे सांगते, मग म्हणते की पुढे १९२८ मध्ये कुणीतरी अशी एक गोष्ट लिहिली. प्रेक्षकांचा रस अजिबात कमी होत नाही, उलट वाढतो.

जॉन हेन्री टॉम डूली आणि ड्रिंकिंग गोर्ड यांच्या मधे कुठंतरी बसतो, आणि माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आहे हे. गोष्ट तुम्हाला माहीतच असेल, रेल्वेचा बोगदा खणणारा काळा कामगार, वाफेवर चालणारं ड्रिल येतं, तो म्हणतो मी याला हरवीन, हातोडा चालवून हरवतो आणि तिथंच मरतो. काम नक्की काय होतं तेही सांगा लोकांना, ते कुणी सांगत नाही. एक माणूस पोलादाची लांब छिन्नी खडकावर धरून बसायचा, प्रत्येक घावानंतर ती थोडी फिरवायची, आणि दुसरा उभ्याने जड हातोडा तिच्यावर मारायचा, भोक खोल झालं की त्यात सुरुंगाची दारू. धरणाऱ्याचा जीव मारणाऱ्याच्या नेमावर. म्हणून गाणं, घाव कधी पडणार हे दोघांना कळायला ताल हवा. घाव घालताना गायची जी हातोड्याची गाणी आहेत ती संथ, ओळीच्या शेवटी जागा सोडलेली, तिथं घाव पडतो. आपण जे गिटारवर धडाधड म्हणतो ते काम संपल्यानंतर करमणुकीसाठी तयार झालेलं गाणं.

कुठं घडलं? सगळ्यात जुना आणि प्रसिद्ध दावा वेस्ट व्हर्जिनियातल्या टॅल्कॉटजवळच्या बिग बेंड बोगद्याचा, १८७० ते १८७२, मैलाहून लांब बोगदा, तिथं १९७२ पासून पुतळाही आहे. १९२० च्या दशकात गाय जॉन्सन या अभ्यासकांनी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना जाऊन विचारलं, नील मिलर नावाच्या गृहस्थांनी सांगितलं हो, मी शर्यत पाहिली. पण तिथंच काम केलेले दुसरे म्हणाले असलं काही झालंच नाही. मग २००६ मध्ये स्कॉट नेल्सन या इतिहासकारांनी वेगळंच मांडलं. गाण्याच्या काही पाठांत एक ओळ आहे, जॉन हेन्रीला व्हाइट हाऊसला नेलं आणि वाळूत पुरलं. राष्ट्राध्यक्षांच्या घरी कशाला नेतील? ही ओळ सगळे गायक निमूटपणे गात होते. नेल्सनना व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या जुन्या तुरुंगाचं चित्र दिसलं, त्यात एक पांढरी इमारत, आणि तिथं पुढे जमिनीखाली खूप सांगाडे सापडले होते. तुरुंगाच्या नोंदीत जॉन विल्यम हेन्री नावाचा एक कैदी, वय एकोणीस, उंची पाच फुटांच्या आसपास, चोरीच्या आरोपात दहा वर्षं, रेल्वेच्या कामाला भाड्याने दिलेला. व्हर्जिनियातल्याच लुइस बोगद्यावर कैदी आणि वाफेचं ड्रिल दोन्ही होतं. खडकाची धूळ फुप्फुसात जाऊन माणसं मरत होती. म्हणजे हृदय फुटून नाही, छाती दगडाच्या धुळीने भरून.

पटतं ना? मलाही बरंच पटतं. पण जॉन गार्स्ट या दुसऱ्या अभ्यासकांचं म्हणणं हे सगळं अलाबामात लीड्सजवळ १८८७ मध्ये घडलं, आणि त्यांचा आक्षेपही वाजवी आहे की व्हाइट हाऊसची ती ओळ थोड्याच पाठांत आहे, तेवढ्यावर इमारत कशी उभारणार. तेव्हा स्टेजवर काय म्हणायचं? मी तीन गावांची नावं घेते, निकाल देत नाही, पण एक ठामपणे सांगते: कैद्यांना रेल्वेला भाड्याने देत होते हे खरं, आणि ते मरत होते हेही खरं. मग तो अवाढव्य हातोडेवाला पुतळा आणि तो पाच फुटी पोरगा दोन्ही लोकांच्या डोळ्यांसमोर राहू देते.

आतापर्यंतचं थोडक्यात: टॉम डूलीत घटना पक्की आणि गाण्याने ती वाकवली, हाऊस कार्पेंटरमध्ये घटनाच नाही, फक्त पाठ बदलत गेले, ड्रिंकिंग गोर्डमध्ये गोष्टच गाण्याहून तरुण असायची शक्यता, आणि जॉन हेन्रीत घटनेवरच भांडण.

तुमची यादी जरा जड आहे, म्हणून दोन हलकी सुचवते. स्प्रिंगफील्ड माउंटन, मॅसॅच्युसेट्समधल्या विल्ब्रहॅम गावात ७ ऑगस्ट १७६१ ला टिमथी मेरिक हा तरुण गवत कापताना रॅटलस्नेक चावून मेला, त्यावरचं गाणं, इथंच जन्मलेल्या सगळ्यात जुन्या गाण्यांत धरतात. दुःखाचं गाणं होतं, पण पुढे नाटकवाल्यांनी ते विनोदी करून टाकलं, त्यात मॉली नावाची मुलगी विष चोखून काढायला जाते, तिचा एक दात किडलेला असतो, आणि तीही मरते. पोरं हसून लोळतात. दुसरं केसी जोन्स, ३० एप्रिल १९०० ला मिसिसिपीत व्हॉनला रेल्वे ड्रायव्हर जॉन ल्यूथर जोन्स उभ्या मालगाडीवर आदळून गेला, त्याने फायरमन सिम वेबला उडी मारायला सांगितली आणि स्वतः ब्रेक धरून राहिला, दुसरं कुणी दगावलं नाही. पहिलं गाणं कॅंटनच्या इंजिन शेडमधल्या वॉलेस सॉन्डर्स या कामगाराने रचलं. १९०९ मध्ये करमणुकीच्या रंगमंचासाठी जे छापलं त्यात बायको पोरांना म्हणते रडू नका, दुसऱ्या लाइनवर तुमचा आणखी एक बाप आहे. खरी बायको जेनी जोन्स हिला त्या ओळीचा आयुष्यभर मनस्ताप झाला. ते कडवं गाऊ नका असं मी नाही म्हणणार, पण गायलात तर जेनीचं नाव घ्या.

तपासायचं कसं, तर मी आधी बघते की गोष्ट पहिल्यांदा कधी आणि कुणी लिहिली, गाणं नव्हे, गोष्ट. मग घटनेच्या वर्षाची वर्तमानपत्रं, लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून फुकट ठेवलीत, त्यांच्याकडेच १९३०-४० च्या फील्ड रेकॉर्डिंग्जही आहेत. एकाच गाण्याचे तीन-चार वेगळे पाठ ऐका, जी ओळ एकातच आहे तिच्यावर भरवसा कमी ठेवा. आणि अल्बमच्या कव्हरवर लिहिलेली गोष्ट ही जाहिरात असते, तिला पुरावा समजू नका.

बोलताना मी तीन सूर वेगळे ठेवते: "कोर्टात नोंद आहे की", "गाण्यात असं येतं की" आणि "लोक सांगतात की". एवढं पाळलंत तर भुताची गोष्टही बिनधास्त सांगा, कुणी बोट ठेवू शकणार नाही. गुलामगिरीतली गाणी घेताना मात्र टाळ्या वाजवा, सगळे उठा असला उत्साह मी टाळते, निदान पहिल्या गाण्याला तरी.

आणि शेवटी काय घ्यायचं म्हणाल तर वुई शॅल ओव्हरकम घ्या, कारण मंडळातल्या प्रत्येकाला ते "हम होंगे कामयाब" म्हणून शाळेपासून पाठ आहे, गिरिजाकुमार माथुरांचं हिंदी. चर्चच्या गाण्यांतून आलेलं, १९४५-४६ मध्ये साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनच्या तंबाखू कारखान्यातल्या कामगारांनी, त्यात काळ्या बायका खूप, संपात गायलं, ल्यूसिल सिमन्स ते संथ लयीत म्हणायच्या. तिथून टेनेसीतल्या हायलँडर स्कूलमध्ये, म्हणजे चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या शाळेत, झिल्फिया हॉर्टननी उचललं, मग लोकगायक पीट सीगर, मग १९६० मध्ये गाय कॅरवननी विद्यार्थी चळवळीला शिकवलं. २०१८ पासून मूळ इंग्रजी गाण्यावर कॉपीराइटही नाही, त्यामुळे व्हिडिओ अपलोड करणार असाल तर इंग्रजी कडव्यापुरती ती कटकट नाही. पहिलं कडवं इंग्रजीत तुम्ही म्हणा, दुसरं हिंदीत सगळ्यांना म्हणू द्या. संथ ठेवा पण, ल्यूसिल सिमन्ससारखं, शाळेच्या प्रार्थनेच्या स्पीडने नको. आणि टॉम डूली कुठल्या पट्टीत गाणार आहात ते कळवा, कॅपो (पट्टी बदलायचा चिमटा) कुठं लावायचा ते सांगते.